टर्मिनेटर २ : मारायला बनवलेल्या यंत्राला ‘मारू नकोस’ म्हणणारा सिनेमा

निशाचर

(पाहिला नसेल तर आधी पाहून या. पुढे शेवटासकट सगळं लिहिलं आहे.)

१९८४ चा ‘टर्मिनेटर’ आणि १९९१ चा ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’ हे दोन्ही जेम्स कॅमेरॉनचेच. पहिला चौसष्ट लाख डॉलरमध्ये उरकला होता. दुसऱ्यावर दहा कोटींच्या आसपास खर्च झाला आणि तोवरचा तो सर्वांत महागडा सिनेमा ठरला. हे पैसे पडद्यावर कुठे दिसतात यावर पुष्कळ लिहून झालं आहे, चार ऑस्कर कशाकशाला मिळाली हेही सगळ्यांना पाठ आहे. मला वेगळ्याच गोष्टीवर बोलायचं आहे.

जॉन कॉनर दहा वर्षांचा. भविष्यातून त्याच्या रक्षणासाठी आलेलं यंत्र, म्हणजे टर्मिनेटर, आपलं सगळं ऐकतं हे त्याच्या नुकतंच लक्षात आलं आहे. रस्त्यावरची दोन माणसं मध्ये पडतात, तर त्यांच्याशी तो आधी फुशारकीने भांडून घेतो. पुढच्याच क्षणी यंत्र सहज पिस्तूल काढतं आणि एकाच्या डोक्याला लावतं. जॉन त्याचा हात ढकलतो, गोळी शेजारून जाते. असं माणसांना मारायचं नसतं, असं जॉन त्याला सांगतो आणि यंत्र विचारतं, का? जॉनला त्याचं नीट उत्तर देता येत नाही. मारायचं नाही म्हणजे नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहतो.

माझ्या मते अख्खा दुसरा भाग इथे जन्माला येतो. एरवी अशा सिनेमात नायकाच्या हातात बंदूक आली की माणसं पटापट पडायला लागतात आणि आपणही मोजत नाही. इथे कॅमेरॉनने आपल्या सगळ्यात ताकदवान पात्राचे हात बांधले आणि मग त्याच्यासमोर पोलिसांची फौज उभी केली. सायबरडाइन या कंपनीच्या इमारतीच्या खिडकीत उभं राहून ते यंत्र मिनीगनने गाड्यांची चाळण करतं. मग त्याच्या लाल नजरेतून आपल्याला मृतांचा आकडा दिसतो : शून्य. एवढ्या गोळीबारानंतर शून्य. त्या दृश्यातला थरार कुणी मरतंय म्हणून नाही, कुणालाच मरू द्यायचं नाही म्हणून आहे.

आणि त्याच वेळी जॉनची आई सारा उलट दिशेने निघालेली असते. पहिल्या भागात ती हॉटेलात ऑर्डर घेणारी साधी मुलगी होती. इथे ती एकटीच माइल्स डायसनला संपवायला जाते. डायसन म्हणजे पुढे माणसांवर उलटणारं स्कायनेट हे संगणकजाळं ज्याच्या संशोधनातून उभं राहणार आहे तो इंजिनिअर. रात्री घरी कॉम्प्युटरसमोर बसलाय, पाठीवर बंदुकीचा लाल ठिपका स्थिरावतोय. तेवढ्यात त्याच्या लहान मुलाची रिमोटची गाडी त्याच्या पायाला येऊन धडकते, तो खाली वाकतो आणि गोळी मॉनिटरमध्ये घुसते. मग सारा चालत आत येते. तिच्या चेहऱ्यावर काहीही नाही. पावलं जड, सरळ, एका लयीत. पहिल्या भागात टर्मिनेटर जसा तिच्यावर चालून आला होता, तशीच ती आता एका कुटुंबावर चालून जाते. शेवटी खाली पडलेल्या माणसाकडे आणि त्याला बिलगलेल्या पोराकडे बघून तिचा हात थांबतो. ती मागे सरकते, भिंतीला टेकून खाली बसते.

यंत्राला ‘मारू नकोस’ हे शिकवावं लागलं, आणि माणसाला ते आठवावं लागलं. सात वर्षांनी आलेल्या सीक्वेलने पहिल्या भागाची नक्कल न करता त्याला असं आतून उलटं केलं, म्हणून मला हा त्या मालिकेतला सर्वांत मोठा सिनेमा वाटतो.

तुम्हाला काय वाटतं? नुसतं ‘क्लासिक आहे’ म्हणून जाऊ नका, कुठलं दृश्य आणि का तेही लिहा.

---

अबोली

निशाचर, डायसनच्या घराचं लिहिलंत ते अगदी पटलं. मी साराबद्दलच आणखी लिहिते.

वेड्यांच्या इस्पितळातून सुटल्यानंतर गाडीत एक छोटासा प्रसंग आहे. सारा जॉनला जवळ ओढते. त्याला वाटतं, आई शेवटी कुशीत घेतेय. पण तिचे हात त्याच्या पाठीवरून, बरगड्यांवरून, डोक्यावरून भराभर फिरत असतात. कुठे लागलंय का ते ती चाचपून बघतेय. लागलेलं नाही हे कळल्यावर ती त्याला झापते, मला सोडवायला यायची काय गरज होती म्हणून. पोराच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि गाडीतलं यंत्र विचारतं की तुझ्या डोळ्यांना काय झालं. शेवटी पोलादाच्या कारखान्यात यंत्र निरोप घेतं त्याची सगळी पेरणी या प्रसंगात आहे. तिथे जेव्हा यंत्र म्हणतं की माणसं का रडतात ते आता मला कळलं, तेव्हा ते नेमकं इथला प्रश्न पूर्ण करत असतं.

साराचं प्रेम आहे, पण भीतीने ते नुसतं पहाऱ्यासारखं उरलंय. मला सिनेमातल्या आया बहुतेक वेळा गोड तरी दिसल्या किंवा त्यागी तरी. अशी आई, जी मुलाला जगवण्याच्या नादात मुलाशी बोलायचं विसरली आहे, फार क्वचित.

लिंडा हॅमिल्टनने यासाठी महिनोन्‌महिने व्यायाम आणि शस्त्रांचं प्रशिक्षण घेतलं होतं, तेही एका माजी इस्रायली कमांडोकडून. लिफ्टमधल्या गोळीबाराच्या वेळी कानात बोळे घालायचे राहिले आणि तिच्या एका कानाला कायमची इजा झाली. पण तिच्या दंडांची जितकी चर्चा झाली तितकी त्या चाचपणाऱ्या हातांची व्हायला हवी होती.

---

वाटाड्या

धागा आवडला. माझं दृश्य : मॉलच्या मागचा तो अरुंद बोळ.

पटकथेची चलाखी बघा. पहिल्या भागात श्वार्झनेगर खुनी होता, म्हणून तो दिसला की आपण जॉनसाठी घाबरतो. समोरून येणारा दुसरा साधा पोलीस, अंगकाठीने किरकोळ, बोलायला सभ्य. जवळजवळ पहिला अर्धा तास कोण मारेकरी आणि कोण रक्षक हे सिनेमा सांगतच नाही. मग बोळात दोघं समोरासमोर येतात, जॉन मध्ये. गुलाबांच्या खोक्यातून बंदूक निघते, फुलं बुटाखाली चिरडली जातात, आणि श्वार्झनेगर पोराला खाली वाकायला सांगतो. गोळी पोराच्या डोक्यावरून जाऊन पोलिसाला लागते आणि भोकाभोवती चकचकीत धातू दिसतो.

दुर्दैव हे की जाहिरातीतच श्वार्झनेगर या वेळी चांगल्या बाजूला आहे हे सांगून टाकलं होतं. दिग्दर्शकाने एवढं जपून ठेवलेलं गुपित प्रेक्षक तिकीट काढायच्या आधीच फुटलं. ज्यांनी काहीही माहीत नसताना पाहिला त्यांचा मला हेवा वाटतो.

---

फ्रेमाँटकर

सॅन फ्रान्सिस्को खाडीभागातल्या मराठी मंडळींसाठी : सायबरडाइनची इमारत म्हणून जी दिसते ती इथल्या फ्रेमाँट शहरातली. कथेत सगळं लॉस एंजेलिसच्या आसपास घडतं, पण इमारतीचं चित्रीकरण इकडे उत्तरेत झालं. आज त्याच परिसरात आपल्यातले कितीतरी जण चिप आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत काम करतात. त्यामुळे डायसन मला कधीच परका वाटला नाही.

तो खलनायक नाही. उशिरापर्यंत काम करणारा, बायकोमुलांना वेळ देऊ न शकणारा, आपल्या शोधावर मनापासून प्रेम करणारा माणूस. भविष्यात काय होणार हे ऐकल्यावर तो म्हणतो की मी अजून केलेलंच नाही त्याचा दोष तुम्ही मला देताय. आणि मग दुसऱ्या कुणावर न ढकलता, आपल्या आयुष्याचं काम आपल्या हाताने नष्ट करायला तयार होतो.

जो मॉर्टनने त्याचा शेवट जसा केलाय तसा मृत्यू मी अ‍ॅक्शन सिनेमात दुसरा पाहिलेला नाही. गोळ्या लागून पडलाय, हातात एक जड तुकडा, खाली स्फोटाचं बटण. पोलीस आत येतात तेव्हा तो त्यांना सांगतो की हा हात किती वेळ वर राहील माहीत नाही. म्हणजे मरतानाही तो त्यांना बाहेर पडायला वेळ देतो. मग नुसता श्वासाचा आवाज. आत, बाहेर, आत, बाहेर, तुटत तुटत. पोलीस पळतात, श्वास थांबतो, हात पडतो. निशाचर म्हणतात तो ‘मारू नकोस’ इथे डायसननेही पाळलाय.

---

रानवारा

धागाकर्त्याशी अर्धाच सहमत. यंत्र कुणाला मारत नाही हे खरं, पण इस्पितळाच्या फाटकावर शपथ घेतल्याबरोबर ते पहारेकऱ्याच्या पायात गोळ्या घालतं आणि हा जगेल म्हणून मोकळं होतं. पुढे पोलिसांचंही तेच. आयुष्यभर लंगडणाऱ्या माणसांना ‘शून्य’ मध्ये धरायचं? हे नीतीचं शिक्षण म्हणायला माझं मन धजत नाही.

माझ्यासाठी हा सिनेमा रॉबर्ट पॅट्रिकचा. पोलिसाच्या रूपात जॉनला मारायला आलेला द्रव धातूचा टी-१००० म्हटला की सगळे संगणकाचं कौतुक करतात. प्रत्यक्षात संगणकावर केलेली दृश्यं जेमतेम पाच-सहा मिनिटांची आहेत. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणाम करणाऱ्या कंपनीत डेनिस म्यूरेनच्या चमूने कॅमेरॉनच्याच आधीच्या सिनेमात पाण्याचा सोंडेसारखा प्राणी करून पाहिला होता, त्याच्या पुढची ही पायरी. पॅट्रिकच्या अंगावर चौकटींच्या रेघा आखून त्याला पळवला, त्याची चाल टिपली आणि त्यावरून संगणकातला धातूचा माणूस चालवला. बाकी बरंचसं काम स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेत हाताने झालं. छातीवर गोळी लागल्यावर उमलणारी ती चंदेरी फुलं म्हणजे कपड्याखाली दडवलेले, खटका दाबला की उघडणारे खरेखुरे तुकडे होते.

पण हे सगळं खरं वाटतं ते पॅट्रिकमुळे. तो पळताना तोंड उघडत नाही, फक्त नाकाने श्वास घेतो, दमत नाही, रागावत नाही. आणि इस्पितळातली ती गजांची जाळी आठवा. अख्खा माणूस गजांतून पाण्यासारखा आरपार जातो आणि हातातलं पिस्तूल मात्र ‘टक्’ करून अडकतं, कारण ते खरं लोखंड आहे. तो शांतपणे मनगट वळवतो, पिस्तूल आडवं करतो आणि काढून घेतो. त्या एका ‘टक्’ने सगळा चमत्कार विश्वसनीय झाला. ज्याला हे सुचलं त्याला माझा नमस्कार.

---

निशाचर

रानवारा, पायात गोळ्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मला तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात वाटत नाही. यंत्राने आदेश अक्षरशः पाळला. मारू नकोस म्हटलंस, मारलं नाही. दुखवू नकोस असं कुणी म्हटलंच नव्हतं. जॉनचा चेहरा बघा त्या वेळी, तोही हादरलेला असतो. आदेश पाळणं आणि आदेशामागचं कारण उमगणं यांत किती अंतर आहे ते कॅमेरॉन तिथे दाखवतो, आणि उरलेल्या सिनेमात ते अंतर कमी होत जातं. शेवटी जॉन रडत रडत ‘जाऊ नकोस, हा माझा हुकूम आहे’ म्हणतो आणि यंत्र पहिल्यांदाच त्याचा हुकूम मोडतं. कारण तोवर त्याला अक्षरापलीकडचं काही कळलेलं असतं.

अबोली, त्या हातांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून तो भाग पुन्हा लावून पाहिला. आभार.

---

गणिती

कालप्रवासाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पहिल्या भागातला काळ बंद वर्तुळासारखा आहे. जॉन भविष्यातून काइल रीस या सैनिकाला साराच्या रक्षणासाठी पाठवतो, काइल साराला भेटतो, त्यातून जॉन जन्मतो. स्कायनेटने साराला मारायला यंत्र पाठवलं नसतं तर जॉन झालाच नसता. दुसरा भाग या वर्तुळात आणखी एक वर्तुळ घालतो : पहिल्या यंत्राचा उरलेला हात आणि तुटकी चिप सायबरडाइनच्या हाती लागते, डायसन त्यावरूनच काम करतो. म्हणजे स्कायनेटही स्वतःच स्वतःचा बाप आहे. मग मूळ कल्पना कुणाची? कुणाचीच नाही. ती काळात नुसती फिरत राहते.

भौतिकशास्त्रात हे प्रश्न गंभीरपणे घेतले गेले आहेत. कुर्ट ग्योडेलने १९४९ मध्ये दाखवलं की आइनस्टाइनच्या समीकरणांना अशी विश्वं चालतात जिथे पुढे जात जात आपण भूतकाळात पोचतो. १९८८ मध्ये किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी कृमिविवरांतून, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या काल्पनिक बोगद्यांतून, कालयंत्र होऊ शकेल का यावर शोधनिबंध लिहिला. इगोर नोविकोव्हचं म्हणणं असं की असा प्रवास शक्य असलाच तर इतिहास बदलता येणार नाही, जे घडलं त्यातच तुमचा प्रवासही धरलेला असेल. पहिला भाग बरोबर या चौकटीत बसतो.

दुसरा भाग ती चौकट तोडतो. डायसनची प्रयोगशाळा उडाली, हात आणि चिप वितळल्या, स्कायनेट होणार नाही. मग यंत्र कुणी पाठवलं आणि जॉन कुठून आला? ह्यू एव्हरेटच्या १९५७ च्या मांडणीसारखी अनेक विश्वं धरली तर उत्तर निघतं, पण तेव्हा मूळ विश्वात स्कायनेटच्या अणुहल्ल्यात मेलेली तीन अब्ज माणसं मेलेलीच राहतात. सिनेमा यातलं काहीच निवडत नाही. शिवाय पहिल्या भागातला नियम होता की सजीव पेशींच्या आवरणाशिवाय काही काळातून येऊ शकत नाही. टी-१००० तर पूर्ण धातूचा. तो कसा आला याचं स्पष्टीकरण सिनेमात नाही.

तरीही मी दुसऱ्या भागाच्या बाजूने आहे. भविष्य आधीच ठरलेलं असेल तर साराने बंदूक खाली ठेवली काय न ठेवली काय, फरक पडत नाही. निशाचर ज्या निवडीबद्दल लिहितायत तिला अर्थ यायचा तर वर्तुळ तुटलंच पाहिजे. कथेला गणितापेक्षा ते जास्त गरजेचं होतं.

---

भट्टीवाला

मी जालन्यात सळई बनवणाऱ्या कारखान्यात भट्टीवर असतो, म्हणून सिनेमाचा शेवट ज्या पोलादाच्या कारखान्यात होतो त्यावर दोन शब्द.

तो कारखाना खरा आहे. कॅलिफोर्नियात फाँटाना इथला कैसर स्टीलचा, चित्रीकरणाच्या आधीच बंद पडलेला. आतलं वितळलेलं पोलाद सिनेमावाल्यांनी प्रकाशाने उभं केलं, आणि छान केलं. पण खऱ्या भट्टीत पोलाद दीड हजार अंशांच्या वर असतं. नारिंगी नाही, डोळे दिपवणारं पांढरंपिवळं. आम्ही निळ्या काचेशिवाय आत बघत नाही. आणि इतक्या जवळ, बिनासुटाचं, सारा आणि जॉन उभे राहतात तसं उभं राहताच येत नाही. चेहरा भाजतो.

दुसरं म्हणजे पोलाद पाण्याच्या सातपट जड असतं. त्यात माणूस बुडत नाही, वर तरंगतो. टर्मिनेटरचा सांगाडा धातूचा असला तरी आत मोटारी, पोकळ्या, वरून मांस. तो असा सावकाश, सरळ खाली जाणार नाही. आणि आमच्याकडे सर्वांत मोठी धास्ती ओल्या भंगाराची. भंगारात थोडं पाणी राहिलं तरी त्याची क्षणात वाफ होऊन भट्टी उसळते. नायट्रोजनने गोठून पुन्हा वितळलेला, ओलसर टी-१००० आत पडला तर काय होईल याची मला कल्पना आहे.

एवढं माहीत असूनही टर्मिनेटर साखळीला धरून खाली जातो, सारा बटण दाबते आणि शेवटी नुसता अंगठा वर दिसतो, तेव्हा माझ्या घशाशी येतं. दरवेळी. त्याला स्वतःला संपवता येत नाही, म्हणून बटण तिला दाबावं लागतं. त्याआधी ती त्याच्याशी हात मिळवते. पहिल्या भागात त्याच्याच रूपाने तिचा सगळा संसार जाळला होता. कामावरच्या पोरांना मी हेच सांगतो की तो हात मिळवणं बघा, अंगठा नंतर.

---

अबोली

भट्टीवाले दादा, काय लिहिलंत! त्या हात मिळवण्याकडे माझं लक्ष होतं, पण त्याआधीचंही जोडते. इस्पितळात लिफ्टचं दार उघडतं आणि तेच यंत्र बाहेर पडताना दिसतं, तेव्हा सारा घसरून पडते, पाय झाडत मागे मागे सरकते, आवाज फुटेनासा होतो. आणि ते यंत्र हात पुढे करून तिला तेच वाक्य ऐकवतं जे पहिल्या भागात काइलने तिला पहिल्या भेटीत म्हटलं होतं : जगायचं असेल तर माझ्याबरोबर चल. मारेकऱ्याच्या तोंडी प्रियकराचं वाक्य. तिथून हात मिळवण्यापर्यंतचा तिचा प्रवास हाच माझ्यासाठी सिनेमा.

---

सह्याद्रीपुत्र

चर्चा सिनेमापुरती ठेवावी असं काहींना वाटेल, पण मला राहवत नाही.

माणसाच्या हुकमाशिवाय लक्ष्य निवडून मारणारी शस्त्रं ही आता कल्पना राहिलेली नाही, त्यावर संयुक्त राष्ट्रांत वर्षानुवर्षं बोलणी चालू आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये आमसभेने अशा स्वयंचलित शस्त्रांवर ठराव केला. १५२ देश बाजूने, ४ विरोधात. त्या चारांत भारत होता. या विषयाची चर्चा जिनिव्हातल्या पारंपरिक शस्त्रांच्या करारातच व्हावी, समांतर व्यासपीठ नको, अशी आपली भूमिका आहे. ती बरोबर की चूक यावर आपल्याकडे जाहीर वाद व्हायला हवा होता, झाला नाही.

निशाचर यांनी लिहिलेलं ‘आदेश अक्षरशः पाळणं’ हेच तिथलं मूळ भय आहे. लढाईत शरण येणारा माणूस ओळखायचा कसा, जखमीला सोडायचं कसं, हे यंत्राला अक्षरांत कसं सांगणार? आणि चुकलं तर जबाबदार कोण? डायसनसारखा ‘मी केलंय, मीच निस्तरतो’ म्हणणारा प्रत्येक वेळी मिळणार नाही.

---

रानवारा

सह्याद्रीपुत्र, हे अवांतर मुळीच नाही.

गणिती, वर्तुळ तुटायला हवं हे मान्य, म्हणूनच २००३ चा तिसरा भाग मला खटकतो. विनाश टळलाच नव्हता, फक्त पुढे ढकलला गेला होता, असं त्याने म्हटलं आणि साराच्या सगळ्या धडपडीवर पाणी ओतलं. २०१९ मध्ये लिंडा हॅमिल्टन परत आली, तिला बघून बरं वाटलं, पण सुरुवातीलाच जॉनला मारून टाकलं. ज्या पोरासाठी यंत्र वितळलं, त्याला!

---

गणिती

२००३ च्या शेवटाची थोडी बाजू घेतो. बंकरमध्ये पोचल्यावर कळतं की थांबवण्यासारखं तिथे काहीच नाही, तो क्षण धाडसी आहे. पण त्यासाठी दुसरा भाग खोडावा लागला हे मात्र खरं. कॅमेरॉनने दुसऱ्या भागासाठी वेगळा शेवटही चित्रित केला होता : २०२९ सालची म्हातारी सारा बागेत बसलीय, जॉन सिनेटर झालाय, सगळं सुखरूप. तो काढून त्याने रात्रीचा रिकामा रस्ता ठेवला. भविष्य ठाऊक नसणं हीच सुटका, असा तो शेवट. तो काढला हे फार चांगलं झालं.

---

पारिजात

नवीन सदस्य आहे, सगळं वाचून काढलं. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिला रोबोटचं वेड आहे. हा दाखवावा का? आणि मोठी आवृत्ती की मूळ?

---

निशाचर

पारिजातताई, स्वागत. अमेरिकेत हा मोठ्यांच्या वर्गातला सिनेमा आहे, तेव्हा आधी तुम्ही एकट्या पाहा. दोन जागा खास बघून ठेवा. एक, जॉनच्या पालक आईच्या स्वयंपाकघरातली, जिथे दुधाच्या खोक्यातून पातं आरपार जातं. दुसरी साराच्या स्वप्नातली, बागेत खेळणाऱ्या मुलांवर अणुस्फोट होतो ती. दुसरी जास्त हादरवते, आणि मुलं नंतर त्याबद्दल विचारतात.

पहिल्यांदा चित्रपटगृहात आली होती तीच, सव्वादोन तासांची आवृत्ती दाखवा. नंतर तिला आवडला तर मोठ्या आवृत्तीतला चिप काढायचा प्रसंग वेगळा लावून द्या. यंत्राच्या डोक्यातली चिप बाहेर काढल्यावर सारा हातोडा उचलते आणि जॉन तिला अडवतो. त्यात समोर आरसा दिसतो, पण तिथे आरसा नव्हताच, नुसती चौकट होती. अलीकडे यंत्राचा पुतळा आणि लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण लेस्ली, पलीकडे खरा श्वार्झनेगर आणि खरी लिंडा, दोघी बहिणी एकाच वेळी त्याच हालचाली करत होत्या. रोबोटचं वेड असलेल्या मुलीला ते कसं केलं हे शोधायला लावा, मजा येईल तिला.